काळी काच म्हणजे गार काच नव्हे

मे महिन्यात परभणीत दुपारी उन्हात उभी असलेली गाडी उघडली की आत तंदूर पेटल्यासारखं वाटतं. अम्मीला डोळ्यांच्या दवाखान्यात नेताना ती दरवेळी म्हणायची, "बेटा, काचेला कुछ तो लगा ले." घरातल्या बाकीच्यांचं मत असं की ऊनही अडेल आणि परदाही होईल. मी आमची जुनी वॅगनआर घेऊन एका दुकानात गेलो. तासाभरात चारही दारांच्या काचा काळ्या झाल्या आणि घरी सगळे खूश!

चार महिन्यांत त्या काचा जांभळ्या दिसू लागल्या. फिल्मखाली फुगे आले, कडा सुटल्या. आणि गाडी? जवळजवळ तेवढीच तापत होती. स्वस्त फिल्ममध्ये नुसता रंग असतो. तो उजेड अडवतो, पण उष्णता बरीचशी आत येतेच. उष्णता मुख्यतः अडवतात त्या सिरॅमिक किंवा धातूचा थर असलेल्या फिल्म, आणि त्या जवळपास पारदर्शकही असू शकतात. काळं म्हणजे गार हे समीकरण आपण कुठून शिकलो कोण जाणे.

काम चांगलं झालं की नाही हे घाईत कळत नाही. फिल्म साबणाच्या पाण्यावर बसवतात, त्यामुळे सुरुवातीचे काही दिवस धुरकटपणा आणि पाण्याचे बारीक फुगे दिसतात. ते वाळून जातात. तोवर काच खाली करायची नाही. पण बोट फिरवल्यावर खडा लागला तर ती आत अडकलेली धूळ असते, ती कधीच जात नाही. काच अर्धी खाली करून वरची कड पाहावी. फिल्म काचेच्या कडेला समांतर, सरळ कापलेली हवी. रबराजवळ ब्लेडचे ओरखडे नकोत. मी यातलं काहीच पाहिलं नव्हतं. पैसे दिले आणि निघालो.

पुढे चौकात हवालदारांनी अडवलं. लायसन्सवरचं नाव वाचून त्यांचा आवाज बदलला असं मला वाटलं. तसं झालंही असेल. आपल्यालाच अडवतात ही तक्रार आपल्या मोहल्ल्यात रोज ऐकू येते आणि ती नेहमीच खोटी नसते. पण त्या दिवशी काच काळी होती, चूक माझी होती. अशा वेळी तक्रार करायला तोंड उरत नाही, याचंच मला जास्त वाईट वाटलं.

नियम असा की पुढच्या-मागच्या काचेतून किमान 70 टक्के आणि बाजूच्या काचांतून 50 टक्के उजेड आरपार जायला हवा. 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काळ्या फिल्मवर सरसकट बंदी घातली. नियम 100 पुढे बदलला, आणि 2024 मध्ये केरळ उच्च न्यायालयाने म्हटलं की मर्यादेत बसणारी, मानकाप्रमाणे असलेली फिल्म चालते. आता हिशेब करा. मूळ काच 75 टक्के उजेड सोडत असेल आणि तिच्यावर 50 टक्क्यांची फिल्म लावली, तर उरतात साडेसदतीस. दुकानदार मात्र "पचास वाली लीगल है भाईजान" म्हणून मोकळा होतो. 70 टक्क्यांची लावली तर साडेबावन्न, म्हणजे बाजूला कशीबशी चालेल. पुढच्या काचेला जागाच उरत नाही.

राहिला परदा. परदा बुरख्यानेही होतो, नजर खाली ठेवूनही होतो. त्यासाठी रात्री वळणावर सायकलवरचं पोर दिसणार नाही अशी काच मला नको. मंत्र्यांच्या गाड्यांच्या काचा काळ्या असतात, असं मेहुणे म्हणतात. असतात खऱ्या, पण न्यायालयाने सवलतीची वाट ठेवली ती झेड दर्जाच्या सुरक्षेसाठी. आमच्या वॅगनआरला तेवढा धोका नाही.

फिल्म काढून टाकली. डिंक खरवडायला अख्खा रविवार गेला. आता अम्मीच्या तपासणीसाठी सकाळी साडेनऊचा नंबर लावतो.