चाकांवरच्या घराचा ताळेबंद

पावसाळा ओसरतो, दसऱ्याचे सोने लुटून होते आणि दिवाळीच्या सुट्ट्या दृष्टिपथात आल्या की घरोघरी प्रवासाचे बेत शिजू लागतात. बँकेतील मंडळी एल.एफ.सी.चा हिशेब मांडतात, मुले नकाशे धुंडाळतात आणि घरातील ज्येष्ठ मात्र काहीसे गप्प असतात. वाटेत स्वच्छ स्वच्छतागृह मिळेल काय, पाठ टेकण्यास जागा असेल काय, औषधाच्या वेळी गरम पाणी मिळेल काय, या त्यांच्या शंकांना आजवर समाधानकारक उत्तर नव्हते. कॅराव्हॅन, म्हणजे शय्या, शेगडी आणि स्वच्छतागृह बरोबर घेऊन चालणारे वाहन, हे ते उत्तर होऊ शकते. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. केरळने त्याच वर्षी असा उपक्रम आरंभला आणि २०२२ मध्ये वागमोन येथे तेथील पहिले कॅराव्हॅन उद्यान सुरू झाले. अशी वाहने आता भाड्यानेही मिळतात.

सोय नवी असली, तरी तिच्याबरोबर एक गैरसमज आला आहे. ‘घरच बरोबर आहे, मग काय हवे ते घ्या’ असे म्हणत सामान भरले जाते. वस्तुतः चाकांवरच्या घराला भिंती असतात, कोठार नसते. शरदातील सहल सुखाची व्हावी असे वाटत असेल, तर सामान भरण्याचे काम बँकेतील अंदाजपत्रकाप्रमाणे, जमेची बाजू आधी पाहून केले पाहिजे. त्या अंदाजपत्रकात सर्वप्रथम काट मारावी लागते ती नेमकी त्या वस्तूवर, जी सुखसोयीची परमावधी समजली जाते. ती वस्तू म्हणजे जनित्र, अर्थात जनरेटर.

वजनाचे अंदाजपत्रक

केवळ हौसेसाठी कॅराव्हॅन बांधून घेणाऱ्या पहिल्या प्रवाशांत डॉ. गॉर्डन स्टेबल्स यांचे नाव घेतले जाते. १८८५ मध्ये ‘वाँडरर’ नावाच्या आपल्या फिरत्या घरातून त्यांनी इंग्लंडपासून स्कॉटलंडपर्यंत प्रवास केला. गाडीचे वजन जवळपास दोन टन होते आणि ती ओढत होते दोन घोडे. चढ आला की घोडे धापा टाकत, त्यामुळे वजन म्हणजे काय हे मालकाला डोळ्यांनी दिसत असे. आजच्या डिझेल इंजिनाला धाप लागलेली दिसत नाही. वजनाची तक्रार ते घाटातील उतारावर तापलेल्या ब्रेकमधून आणि फुटलेल्या टायरमधून करते, आणि तोवर उशीर झालेला असतो.

अमेरिकेत अशा वाहनांवर प्रवासी आणि सामान मिळून किती भार चालेल, हे सांगणारी पट्टी चिकटवणे नियमानेच बंधनकारक आहे. आपल्याकडे हा आकडा नोंदणी प्रमाणपत्रावरून काढता येतो. त्यावरील भारासहित वजनातून रिकाम्या वाहनाचे वजन वजा केले की जी बाकी उरते, तेवढीच आपली शिल्लक. बदल करून घेतलेल्या वाहनाचे रिकामे वजन मात्र वजनकाट्यावर प्रत्यक्ष करून पाहावे.

समजा, भारासहित मर्यादा ३,५०० किलो आणि फर्निचर बसवलेल्या रिकाम्या वाहनाचे वजन २,८०० किलो आहे. शिल्लक ७०० किलो. पाच प्रवासी सरासरी ६५ किलोंचे धरले, तर ३२५ किलो तेथेच खर्ची पडले. १०० लिटर पाण्याचे १०० किलो. उरले २७५. आता जनित्र व त्याचे इंधन ५० किलो, जादा बॅटरी ३०, तंबूचे छत, खुर्च्या व मेज ६०, पाच जणांचे अंथरूण-पांघरूण ४०, भांडी, शेगडी व शिधा ५० आणि प्रत्येकी १२ किलोंच्या पाच बॅगा, म्हणजे ६०. बेरीज २९० किलो. मुलांची सायकल किंवा परतीच्या वाटेवरची खरेदी अजून हिशेबात आलेलीच नाही, तरीही १५ किलोंची तूट पडली.

ही तूट भरून काढण्यासाठी बहुतेकांचा हात प्रथम पाण्याकडे जातो, कारण पाणी कमी करणे सर्वांत सोपे. परंतु ज्या स्वच्छतागृहाच्या भरवशावर वडीलधाऱ्यांनी येण्याचे मान्य केले, त्याच्याच पाण्यावर काट मारणे हा त्यांचा विश्वासभंग ठरेल. पाणी हवेच. मात्र ते घरापासून वाहून नेण्याऐवजी वाटेपुरते ठेवून मुक्कामाजवळच्या गावात टाकी भरून घ्यावी, म्हणजे घाट हलक्या वाहनाने ओलांडता येतो. जनित्र वगळले, तर ५० किलो एकदम वाचतात आणि तुटीच्या जागी ३५ किलोंची गंगाजळी उभी राहते. जड वस्तू तळाशी आणि चाकांच्या आसांच्या मध्ये, हलक्या वस्तू वर, आणि छतावर शक्यतो काहीच नाही, एवढे पथ्य पाळले की वाहन वळणावर झुकत नाही.

जनित्र का नको

वजन हे जनित्र वगळण्याचे एक कारण झाले. दुसरे कारण अधिक गंभीर आहे. डिसेंबर २०२४ मध्ये केरळमधील वडकरा येथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या एका कॅराव्हॅनमध्ये दोघे जण मृतावस्थेत आढळले. जनित्रातून निघालेला कार्बन मोनॉक्साइड वायू आत शिरल्याने हे मृत्यू झाल्याचे तपासात निष्पन्न झाले. त्याआधी जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधील दामन येथे मुक्कामास असलेले केरळचे आठ पर्यटक एका खोलीत दगावले. त्यांत चार बालके होती. कडाक्याच्या थंडीत दारे-खिडक्या बंद करून त्यांनी गॅसवर चालणारा हीटर लावला होता. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पटींनी घट्ट जोडला जातो. डोके जड होणे, मळमळणे ही लक्षणे प्रवासाच्या शिणवट्यासारखीच भासतात आणि माणूस झोपेतून उठतच नाही.

म्हणून बंद वाहनात कोळशाची शेगडी, गॅसचा हीटर किंवा ऊब मिळावी म्हणून पेटती ठेवलेली स्वयंपाकाची शेगडी, यांपैकी काहीही चालणार नाही. जनित्र घेणे अगदीच अपरिहार्य असेल, तर ते वाहनापासून किमान सहा-सात मीटर दूर आणि वाऱ्याची दिशा पाहून ठेवावे. वाहनात कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारे छोटे यंत्र बसवावे. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो आणि गळती झाल्यास तळाशी साचतो, त्यामुळे तळालगतची झडप सामानाने झाकली जाणार नाही, हेही भरतानाच पाहावे.

यावर एक रास्त आक्षेप असा घेतला जाईल, की ऑक्टोबरच्या उकाड्यात वृद्धांना वातानुकूलन यंत्राविना कसे ठेवायचे आणि ते जनित्राविना कसे चालवायचे? त्याचे उत्तर सामानात नाही, मुक्कामाच्या निवडीत आहे. ज्यांना वातानुकूलनाची गरज आहे, त्यांनी विजेची जोडणी देणाऱ्या जागीच थांबावे. इतरांना थोड्या विजेत भागवता येते. १२ व्होल्टच्या १०० ॲम्पिअर-तास क्षमतेच्या बॅटरीत १,२०० वॅट-तास वीज मावते आणि शिसे-आम्ल बॅटरीचे आयुष्य राखायचे, तर त्यातील सुमारे निम्मीच वापरावी. म्हणजे हाती ६०० वॅट-तास. पाच वॅटचे चार दिवे पाच तास लावले तर १०० खर्च होतात आणि ३० वॅटचा पंखा आठ तास चालला तर २४०. भ्रमणध्वनींसाठी पुरेशी वीज तरीही उरते. १,५०० वॅटची विजेची शेगडी मात्र हीच सारी शिल्लक २४ मिनिटांत संपवते.

उबेची खरी साधने

मग रात्रीच्या थंडीचे काय? उंची दर हजार मीटरने वाढली की तापमान सर्वसाधारणपणे साडेसहा अंशांनी उतरते. म्हैसूरहून उदकमंडलम् सुमारे दीड हजार मीटर उंच आहे, म्हणजे एका दुपारच्या प्रवासात नऊ-दहा अंशांचा फरक पडतो. अशा वेळी पांघरुणाइतकेच महत्त्व अंथरुणाला असते, कारण थंडी खालूनही चढते. गादीखाली एक जाड सतरंजी किंवा घोंगडी, अंगावर घरची गोधडी, कानटोपी, पायमोजे आणि कापडात गुंडाळलेली गरम पाण्याची रबरी पिशवी यांना ना वीज लागते, ना इंधन.

उबेइतकाच कोरडेपणा महत्त्वाचा. चार-पाच माणसांच्या श्वासातून आणि घामातून रात्रभरात लिटरभराच्या आसपास पाणी वाफेच्या रूपाने हवेत मिसळते आणि थंड काचांवर दव बनून उतरते. अंथरूण त्यानेच दमट होते. त्यासाठी थंडीतही समोरासमोरच्या दोन झडपा बोटभर उघड्या ठेवाव्यात आणि सकाळी पांघरुणे उन्हात टाकण्यासाठी दोरी व चिमटे घ्यावेत. ही उघडी झडप आरोग्याची आणि जिवाची राखण एकाच वेळी करते.

शिध्याच्या बाबतीत आपल्या परंपरेने हा प्रश्न केव्हाच सोडवून ठेवला आहे. दिवाळीचा फराळ हे चुलीविना चालणारे, दिवसेंदिवस टिकणारे अन्न आहे. त्याच्या जोडीला मेतकूट, भाजणी, भाजलेला रवा आणि डाळ-तांदूळ घेतले की शेगडी दिवसातून एकदाच पेटवून भागते.

ऋतू एक, प्रदेश अनेक

सामानाची यादी कोणा परिचिताकडून जशीच्या तशी उतरवून घेणे हीदेखील चूक ठरते, कारण शरद ऋतू साऱ्या देशात सारखा नसतो. महाराष्ट्रात याच काळात दिवसा ऑक्टोबरचा उकाडा आणि पहाटे गारवा असतो. तामिळनाडूत ऑक्टोबर ते डिसेंबर हा ईशान्य मोसमी पावसाचा काळ आहे, तेथे जाणाऱ्याने छत्री, ताडपत्री आणि गमबूट विसरता कामा नयेत. हिमालयाच्या उंच भागांत रात्री पाणी गोठते, म्हणून निजण्यापूर्वी नळातील पाणी काढून टाकावे लागते. गुवाहाटीकडे नोव्हेंबरात सूर्य पाचच्या आतच मावळतो, तेव्हा मुक्कामाची जागा दुपारीच गाठायला हवी. बंडीपूरच्या अरण्यातून जाणारा रस्ता तर २००९ पासून रात्री ९ ते सकाळी ६ या वेळेत सर्वसाधारण वाहतुकीस बंद असतो. उशिरा निघालेल्या वाहनात कितीही सोयी असल्या, तरी त्या नाक्याबाहेरच थांबतात.

देशाच्या बऱ्याच भागांत पावसानंतरचे हे महिने डेंग्यूचे, आणि झुडपे-गवतातील सूक्ष्म किड्यांपासून होणाऱ्या स्क्रब टायफसचेही असतात. खिडक्यांना जाळी, अंगभर कपडे आणि गवतावर बसण्यापूर्वी अंथरण्यास जाड ताडपत्री ही म्हणूनच चैन नव्हे. नेहमीची औषधे आणि प्रथमोपचार पेटी हाताशी, दाराजवळ असावी. टायरमधील हवा सकाळी, चाके थंड असताना तपासावी. पारा साडेपाच अंशांनी उतरला की दाब साधारण एका पौंडाने घटतो.

कागदपत्रांचा भार सर्वांत हलका, पण महत्त्वाचा. साध्या वाहनाचे कॅराव्हॅनमध्ये रूपांतर केले असेल, तर त्या बदलाची परिवहन कार्यालयात रीतसर नोंद हवी आणि विमा कंपनीलाही ते कळवलेले हवे. अन्यथा दाव्याच्या वेळी अडचण उभी राहते. भाड्याच्या वाहनाबाबतही प्रमाणपत्रे आणि विम्याची मुदत निघण्यापूर्वीच पाहून घ्यावी.

शिल्लक राहावी ती माणसांसाठी

अनेक कुटुंबांत अजूनही बाबांना ‘तुम्ही घरीच आराम करा’ असे सांगून सहल निघते. ज्या वाहनामुळे त्यांना प्रथमच सुखाने येता येईल, त्यात त्यांची आडवे होण्याची जागा खोक्यांनी आणि यंत्रांनी व्यापावी, यासारखा विपर्यास नाही. यादी करावी ती कुटुंबातील सर्वांत अशक्त प्रवाशापासून. आजीचे पाऊल अंधारात कोठे पडेल, तेथे विजेरी ठेवावी. आजोबांना रात्री उठावे लागते, तर स्वच्छतागृहाची वाट मोकळी असावी. त्यांच्या उशाशी पाण्याचा थर्मास पोहोचला की मग इतरांच्या हौशीचा विचार व्हावा.

निघण्याच्या आदल्या दिवशी भरलेले वाहन एकदा वजनकाट्यावर नेऊन उभे करावे. तेथे मिळणारी चिठ्ठी हाच या चाकांवरच्या घराचा ताळेबंद होय. तो जुळला नाही, तर उतरवायचे ते सामान. माणसांना घरी ठेवून तो जुळवू नये.