घड्याळातील तास आणि कष्टाचे दाम

गेल्या वर्षीच्या एप्रिल महिन्यात, रविवारची सकाळची मिस्सा आटोपून आम्ही मंदिराच्या पायऱ्या उतरत होतो, तोच आमच्या गावातील एक माउली वाट अडवून उभी राहिली. तिची थोरली लेक विलायतेत एका वृद्धाश्रमात परिचारिकेचे काम करते व बहुधा तिला रात्रपाळीच असते. त्या महिन्याच्या पगारात एका तासाचे पैसे कमी आले होते. लेकीने विचारणा केली, तेव्हा कचेरीतून उत्तर मिळाले की, “मार्चअखेरच्या त्या रात्री घड्याळ एक तास पुढे केले होते. तुझी पाळी सातच तासांची झाली.” हे सांगून माउली म्हणाली, “मास्तर, तास म्हणजे काय कोंबडं आहे, की रात्रीतून कोणी उचलून न्यावं? पोर तर रात्रभर जागीच होती!”

प्रश्न ऐकून भोवतालची मंडळी हसली. आम्हालाही हसू आले. परंतु घरी जाऊन विचार करू लागलो, तेव्हा ध्यानात आले की, हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. आज आपल्या कित्येक घरांतील मुलेमुली परदेशी राबत आहेत. त्यांच्या श्रमाचा हिशेब ज्या घड्याळावर होतो, ते घड्याळ वर्षातून दोनदा सरकविले जाते, ही गोष्ट त्यांच्या आईबापांना ठाऊक असलेली बरी.

आपल्याकडे दिवस आणि रात्र यांत फारसे अंतर पडत नाही. बेळगाव भागात सर्वांत मोठा दिवस सुमारे तेरा तासांचा, तर सर्वांत लहान दिवस अकरा तासांहून थोडा अधिक. पण पृथ्वीच्या उत्तरेकडे जावे तसतसे हे अंतर वाढत जाते. लंडन शहरी जून महिन्यात दिवस साडेसोळा तासांचा होतो, आणि डिसेंबरात तो आठ तासांचाही भरत नाही. उन्हाळ्यात तेथे पहाटे चारच्या सुमारास उजाडू लागते आणि लोक मात्र पडदे ओढून निजलेले असतात. हा प्रकाश वाया का घालवावा, या विचारातून घड्याळ सरकविण्याची कल्पना निघाली.

न्यूझीलंड देशात जॉर्ज हडसन नावाचे एक गृहस्थ टपाल खात्यात नोकरीस होते. त्यांना कीटक गोळा करण्याचा छंद होता आणि नोकरी सुटल्यावर संध्याकाळी उजेड हवा असे. त्यांनी १८९५ साली उन्हाळ्यात घड्याळ दोन तास पुढे करावे अशी सूचना मांडली. पुढे १९०७ साली इंग्लंडात विल्यम विलेट या घरे बांधणाऱ्या कंत्राटदाराने याच विषयावर एक पुस्तिका काढली. एप्रिलातील चार रविवारी वीस वीस मिनिटे, असे एकूण ऐंशी मिनिटे घड्याळ पुढे न्यावे, आणि सप्टेंबरात तसेच मागे आणावे, असा त्यांचा बेत होता. विलेट १९१५ साली वारले. आपल्या कल्पनेचे फळ त्यांना पाहावयास मिळाले नाही. पहिले महायुद्ध पेटले होते व दिवाबत्तीचा कोळसा वाचविणे भाग होते, म्हणून १९१६ च्या एप्रिलअखेर जर्मनीने आणि मे महिन्यात इंग्लंडने ही ‘उन्हाळी वेळ’ अमलात आणली. अमेरिकेने १९१८ साली तिचा स्वीकार केला.

आज युरोपातील बहुतेक देशांत मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास पुढे जाते आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी एक तास मागे येते. अमेरिकेत २००७ पासून मार्चचा दुसरा रविवार व नोव्हेंबरचा पहिला रविवार हे त्याचे दिवस आहेत. रविवारी बहुतेकांना सुट्टी असते आणि मध्यरात्रीनंतर जग निजलेले असते, म्हणून ती वेळ निवडली गेली. ज्यांची झोप एक तास बुडते, त्यांचे नुकसान फार तर मिस्सेला उशिरा पोहोचण्याचे!

परंतु जग सगळेच निजलेले नसते. रुग्णाच्या उशाशी बसलेली परिचारिका, भट्टीपुढचा कामगार, दारावरचा पहारेकरी, बंदरातील हमाल हे त्या वेळी जागे असतात. रात्री दहा वाजता कामावर चढून सकाळी सहाला उतरणाऱ्या माणसाची पाळी एरवी आठ तासांची. मार्चच्या त्या रात्री इंग्लंडात घड्याळ एकवरून एकदम दोनवर जाते. तेव्हा सहा वाजेपर्यंत त्याचे काम भरते सात तास. ऑक्टोबरच्या त्या रात्री दोन वाजता घड्याळ पुन्हा एकवर आणले जाते. एक ते दोन हा तास तो माणूस दोनदा राबतो, आणि त्याची पाळी होते नऊ तासांची. घड्याळाच्या तोंडाकडे पाहून हिशेब केला तर दोन्ही रात्री आठच तास दिसतात. घाम मात्र एका रात्री सात तासांचा आणि दुसऱ्या रात्री नऊ तासांचा गळलेला असतो.

या बाबतीत अमेरिकेचा कायदा पुष्कळ स्पष्ट आहे. तेथे १९३८ साली मजुरीविषयी जो कायदा झाला, त्याचे मूळ सूत्र असे की, मनुष्याने प्रत्यक्ष जितके तास काम केले, तितक्या तासांचे दाम त्याला मिळाले पाहिजेत. त्या कायद्याखाली येणाऱ्या कामगाराने आठवड्यात चाळीस तासांहून अधिक काम केले, तर वरच्या तासांना दीडपट दर द्यावा लागतो. उदाहरणार्थ, ताशी वीस डॉलर मिळविणारा कामगार आठवड्यात आठ तासांच्या पाच पाळ्या करतो असे समजा. त्यांतील एक पाळी घड्याळ मागे येण्याच्या रात्री पडली, तर त्याचे काम एकेचाळीस तासांचे झाले. त्या एका तासाचे त्याला तीस डॉलर मिळावयास हवेत. हिशेबनिसाने सवयीने ‘आठ’ हा आकडा मांडला, तर तीस डॉलर बुडाले. उलट, मार्चच्या रात्री काम सातच तास झाले असेल, तर न केलेल्या आठव्या तासाचे पैसे देण्याचे बंधन मालकावर नाही. त्याने आपखुशीने दिले तर ती त्याची उदारता. मात्र तो तास कामाचा धरला जात नाही, म्हणून जादा कामाच्या मोजणीतही तो येत नाही.

इंग्लंडात गोष्ट मुख्यतः करारावर अवलंबून राहते. करारात ताशी वेतन लिहिले असेल, तर केलेल्या तासांप्रमाणे हिशेब व्हावयास हवा. ठोक मासिक वेतन असेल, तर त्या एका तासाचे वेगळे काही मिळेलच असे नाही. तथापि एक तळमर्यादा तेथेही आहे. कायद्याने ठरविलेल्या किमान वेतनाखाली कोणाचीही ताशी सरासरी जाऊ देता येत नाही.

कोणी म्हणेल, “एका रात्री तास गेला, दुसऱ्या रात्री आला. फिटंफाट झाली, मग तक्रार कशाची?” वरवर पाहता हे म्हणणे पटते. पण जो मार्चमध्ये रात्रपाळीवर होता, तोच ऑक्टोबरात असेल याची हमी काय? सात तासांची रात्र एकाच्या वाट्याला येते, नऊ तासांची दुसऱ्याच्या. शिवाय, फिटंफाट व्हावयाची तर माप दोन्ही वेळा एकच हवे. मार्चमध्ये ‘केले तितकेच दाम’ असे म्हणून तास कापावयाचा, आणि ऑक्टोबरात ‘पाळी आठ तासांचीच असते’ असे म्हणून नववा तास गिळावयाचा, याला फिटंफाट म्हणत नाहीत. घेण्याची पायली मोठी आणि देण्याची लहान ठेवणारा सावकार आपल्या आजोबांनी पाहिला होता. ही त्याचीच नवी तऱ्हा होय.

पैशाखेरीज आणखी एक किंमत कामगार मोजतो, तीही सांगितली पाहिजे. अमेरिकेतील खाणकामगारांना १९८३ ते २००६ या काळात झालेल्या दुखापतींचा अभ्यास करून दोन संशोधकांनी २००९ साली आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. वसंत ऋतूतील बदलानंतरच्या सोमवारी कामगारांची झोप सरासरी चाळीस मिनिटांनी घटते, दुखापती सुमारे पावणेसहा टक्क्यांनी वाढतात, आणि त्या दुखापतींपायी बुडणारे कामाचे दिवस तर दोनतृतीयांशांनी वाढतात, असे त्यांना आढळले. शरद ऋतूतील बदलानंतर अशी वाढ दिसली नाही. कागदावर एक तास सरकविणे सोपे असते, पण शरीराला त्याची खबर उशिरा पोहोचते.

शेतकऱ्याला तर ही युक्ती पहिल्यापासून रुचली नाही. गाईला घड्याळ कळत नाही. गवतावरचे दव सूर्य वाळवितो, सरकारी हुकूम नव्हे. घड्याळाप्रमाणे मजूर लवकर येत, दव वाळेपर्यंत बांधावर बसत, आणि काम ऐन रंगात येते तोच घड्याळाप्रमाणे निघून जात. बसून घालविलेल्या वेळेची मजुरी मात्र शेतकऱ्याच्या माथी. अमेरिकेतील शेतकऱ्यांनी इतका गिल्ला केला की, १९१९ साली तेथील विधिमंडळाने अध्यक्ष विल्सन यांचा विरोध डावलून ही पद्धत देशभरापुरती रद्द केली. पुढे १९६६ साली नव्या कायद्याने ती पुन्हा एकसूत्री झाली. तरी ॲरिझोनाचा बहुतेक भाग व हवाई हे आजही तीपासून अलिप्त आहेत.

आपल्या देशालाही हा अनुभव अगदी परका नाही. १ जानेवारी १९०६ पासून हिंदुस्थानभर एकच प्रमाणवेळ लागू झाली. तोवर मुंबईचे घड्याळ तिच्याहून एकोणचाळीस मिनिटे मागे असे. चाळीत राहणाऱ्या गिरणी कामगाराच्या घरी घड्याळ कोठले? त्याचे घड्याळ म्हणजे आकाश. नव्या वेळेचा भोंगा म्हणजे अधिक अंधारात उठणे, आणि उठलेल्या वेळेचे दाम मिळतील की नाही याची शंका. त्या जानेवारीत हजारो कामगारांनी माग बंद ठेवले व गिरण्यांवर दगडफेक केली. शहरात पंधरा हजारांहून अधिक नागरिकांनी विरोधाच्या अर्जांवर सह्या केल्या. मुंबईची जुनी वेळ त्यानंतरही सुमारे अर्धशतक नव्या वेळेच्या शेजारी नांदत राहिली. दगडफेकीचे समर्थन आम्ही करीत नाही. परंतु ज्याला कोणी काही समजावून सांगितले नाही, त्याचा संशय अनाठायी होता असेही म्हणवत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ ते १९४५ या वर्षांत, सरकारने घड्याळ एक तास पुढे केले होते. वयोवृद्ध मंडळींच्या तोंडी ‘नवा टाइम, जुना टाइम’ हे शब्द आपण ऐकले असतील.

आज आपल्या घड्याळाचे काटे कोणी हलवीत नाही. आखातातील देशांतही अशी रीत नाही, तेव्हा तेथे गेलेल्यांच्या आईबापांनी निश्चिंत असावे. पण पुणे, हैदराबाद, इंदूर, वडोदरा अशा शहरांत आपली मुले अमेरिकेतील गिऱ्हाइकांच्या कामासाठी रात्री जागतात, त्यांना हा बदल घरबसल्या जाणवतो. न्यूयॉर्क शहरी सकाळचे नऊ वाजतात, तेव्हा उन्हाळ्यात आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा, तर हिवाळ्यात साडेसात झालेले असतात. म्हणजे त्यांची पाळी वर्षातून दोनदा सरकते. बदलाच्या दिवशी जुन्या वेळेला आलेल्या मुलास नव्या वेळेपर्यंत काम करीत थांबविले, तर तो तास कामाचाच होय. आपल्याकडे १९४८ च्या कारखाने कायद्याने जादा कामाला दुप्पट दर ठरविला होता, आणि ही दुपटीची रीत नव्या कायद्यातही राखलेली आहे. ती आपल्या कामाला लागू आहे किंवा नाही, हे प्रत्येकाने नेमणुकीच्या वेळीच विचारून घ्यावे.

आता त्या माउलीच्या लेकीकडे वळू. आम्ही तिला निरोप धाडला की, भांडू नकोस. आधी मागील ऑक्टोबरची पगाराची चिठ्ठी काढून पाहा. मुलगी टापटिपीची. कोणत्या दिवशी किती वाजता कामावर चढली व किती वाजता उतरली, हे ती रोज लहानशा वहीत टिपून ठेवीत असे. वही उघडली, तो ऑक्टोबरच्या त्या रात्री काम नऊ तास आणि दाम आठ तासांचे! करारात वेतन ताशी लिहिलेले होते. तिने वहीचे पान, चिठ्ठी आणि कराराची प्रत जोडून नम्र शब्दांत अर्ज दिला. मार्चचा कापलेला तास तिने मागितला नाही, कारण तो तिने केलेलाच नव्हता. मागितला तो ऑक्टोबरचा नववा तास. पुढच्या महिन्यात त्याचे पैसे मुकाट्याने जमा झाले, आणि तिच्याबरोबर त्या रात्री जागलेल्या इतर तिघीजणींचेही झाले. त्या तिघींनी वही ठेवली नव्हती.

तेव्हा ज्यांची मुले दूरदेशी आहेत, त्यांनी पुढच्या वेळी फोनवर बोलताना जेवणखाण विचाराल, त्याबरोबर एवढे अवश्य विचारा: “वही ठेवतोस ना? चिठ्ठी वाचतेस ना?” मालकाच्या प्रामाणिकपणावर अविश्वास दाखवा असे आमचे सांगणे नाही. पुष्कळदा चूक लबाडीने नव्हे, तर सवयीने होते. आणि सवयीने झालेली चूक सवयीनेच, म्हणजे रोजच्या दोन ओळींच्या टिपणाने, दुरुस्त होते. उलट, जे आपल्या शेतावर गडी बोलावितात, त्यांनीही संध्याकाळी मजुरी हातावर ठेवताना स्वतःच्या मापाकडे एकवार पाहावे. आपल्या गड्यापाशी वही नसते.

ती माउली परवा पुन्हा भेटली. आम्ही विचारले, “काय, सापडला का तास?” ती म्हणाली, “सापडला, मास्तर. पैसे काय हो, भाजीलासुद्धा पुरायचे नाहीत. पण जागली ती पोर होती.”