याची टोपी त्याला, हप्ता मात्र आपल्याला



पतपेढीची निवडणूक आली की प्रत्येक पॅनेलचे एकच आश्वासन असते : कर्जमर्यादा वाढवू. आम्हीही त्यावर मते मागितली आहेत, हे आधीच कबूल करतो. पण वाढलेल्या मर्यादेने काय केले, ते पगाराची चिठ्ठी घेऊन युनियनच्या कचेरीत येणारे ट्रॅकमन आणि पोस्टमन बंधू आम्हाला दाखवतात.

हिशेबच मांडू. दहा टक्के व्याजाने, ६० हप्त्यांचे ५ लाखांचे कर्ज घेतले, तर हप्ता सुमारे १०,६२४ रुपये येतो. दोन वर्षांनी बाकी उरते सुमारे ३ लाख २९ हजार. तेवढ्यात कोणीतरी सुचवतो, "जुने वळते करून नवे घ्या." नवे ५ लाख मंजूर, जुनी बाकी वळती, हातात १ लाख ७१ हजार. हप्ता तोच, म्हणून काही बिघडले असे वाटत नाही. पण ३६ हप्ते उरले होते, त्यांचे पुन्हा ६० झाले! जादा २४ हप्त्यांचे २ लाख ५५ हजार होतात. दोन वर्षांनी पुन्हा तोच फेरा. माणूस निवृत्तीला येतो, कर्ज मात्र कायम तरुण.

आणि हातात आलेली रक्कम जाते कुठे? बहुधा सावकाराकडे नाहीतर क्रेडिट कार्डाच्या बाकीत. कार्डावर महिन्याला तीन-साडेतीन टक्के व्याज चढते, तेव्हा दहा टक्क्यांच्या कर्जाने ती बाकी फेडणे चूक नाही. पण कार्ड खिशातच राहते. सहा महिन्यांत ते पुन्हा भरते, आणि आता दोन्हीकडे देणे. हप्ता थकला की जामीनदाराच्या पगाराला कात्री. त्या बिचाऱ्याने चहाच्या टपरीवर मैत्रीखातर सही केलेली असते.

"कामगार उधळे आहेत," असे म्हणणारे साहेब आम्हाला भेटतात. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेकांचे पहिले कर्ज दवाखान्याचे, फीचे नाहीतर मुलीच्या लग्नाचे असते. लग्नातल्या मानपानाबद्दल आपणही एकदा घरात बोलले पाहिजे, ते असो. पण वळत्या कर्जातून पतपेढीचा कारभार फुगतो आणि अहवालात कर्जवाटपाचे आकडे छान दिसतात, हे कोणी बोलत नाही.

म्हणून आमच्या मागण्या सरळ आहेत. नव्या कर्जाच्या अर्जावर, सहीच्या वरच, मराठीत लिहा : हप्ते किती वाढले, जादा रक्कम किती जाणार. बाहेरचे देणे फेडायला कर्ज असेल, तर पैसे थेट त्या खात्यात भरा आणि खाते बंद झाल्याचा कागद घ्या. जामीनदारालाही तोच हिशेब दाखवा.

येत्या वार्षिक सभेत हा ठराव आम्ही मांडणार आहोत. काही संचालक विरोध करतील. त्यांत आमच्या पॅनेलचेही आहेत, त्यांना आम्ही तसे सांगितले आहे.