गुडघे साथ देताहेत तोवर युरोप

आमच्या पिढीतल्या बऱ्याच जणांनी युरोप आधी पाहिला तो पुलंच्या ‘अपूर्वाई’त. नंतर शेजारी टूर कंपनीबरोबर जाऊन आले, तेव्हा त्यांच्या मोबाइलमध्ये पाहिला. स्वतः जाणं मात्र दर वर्षी ‘पुढच्या वर्षी’वर ढकललं. आधी मुलीची बारावी, मग घराचे हप्ते, मग सासूबाईंचं आजारपण. तुमच्या घरची यादीही अशीच असेल, फक्त क्रम वेगळा.

गेल्या दिवाळीत माझे मोठे दीर आणि जाऊबाई पुण्याहून आमच्याकडे श्रीपेरुंबुदूरला आले होते. दीर निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. पैसे आहेत, वेळ आहे, मुलं मार्गी लागली आहेत. त्या संध्याकाळी आमच्या इमारतीची लिफ्ट बंद होती. तीन मजले चढताना ते प्रत्येक वळणावर कठडा धरून थांबत होते. वर आल्यावर खुर्चीत बसून म्हणाले, “सगळं जमवलं बघ आयुष्यात. नेमके पायच राहिले.”

त्या रात्री आम्ही दोघांनी ठरवलं, येत्या जूनमध्ये जायचंच. मी ५४ वर्षांची, नवरा ५८चा. बसच्या खिडकीतून बघायचं नाही, चालायचं, सायकल चालवायची, डोंगरात जायचं. तुमच्याही मनात असं काही असेल, तर आमच्या आखणीतून काय शिकलो ते आज सांगते.

नऊ शहरांची यादी

माझा नवरा इथल्या एका कारखान्यात प्रॉडक्शन प्लॅनिंग बघतो. दोन दिवसांत त्याने एक्सेल शीट तयार केली. पंधरा रात्री, नऊ शहरं. पॅरिसपासून रोमपर्यंत सगळं. “एवढा पैसा घालतोय, तर सगळं बघून येऊ,” हे त्याचं म्हणणं.

मी त्याच्याच भाषेत विचारलं, “चेंजओव्हरला किती वेळ धरलास?” कारखान्यात एका भागाचं उत्पादन थांबवून दुसरं सुरू करताना मशीन बंद राहतं, तो वेळ म्हणजे चेंजओव्हर. शीटमध्ये तो रकानाच नव्हता.

तुम्हीही हा हिशोब करून बघा. गाडीचा प्रवास दोन तासांचा असला, तरी बॅगा भरणं, खोली सोडणं, स्टेशन गाठणं, नव्या गावात पत्ता शोधणं आणि दुपारी तीनला खोली मिळेपर्यंत ताटकळणं यात अर्धा दिवस सहज जातो. नऊ शहरं म्हणजे आठ बदल, म्हणजे चार दिवस फक्त बॅगा ओढण्यात. पहिला आणि शेवटचा दिवस विमानाचा. हाती उरतो एका शहराला जेमतेम एक दिवस. त्यात चालणार कधी?

म्हणून आमचा पहिला नियम ठरला: पंधरा रात्रींत तीनच मुक्काम, आणि प्रत्येक ठिकाणी किमान चार रात्री.

सोपं, अवघड, निवांत

तीन मुक्काम निवडताना गावांच्या नावापेक्षा शरीराचा क्रम पाहिला.

पहिला मुक्काम व्हिएन्ना, चार रात्री. उन्हाळ्यात तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं, पहिले दोन दिवस झोपेची गडबड होते. त्यामुळे सुरुवात सपाटीवर. एक दिवस डॅन्यूब नदीकाठी वाखाउ खोऱ्यात सायकल. मेल्क ते क्रेम्स हा टप्पा ४० किलोमीटरच्या आत आहे. रस्ता बहुतांश सपाट, दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मळे आणि जर्दाळूची झाडं. थकलात तर वाटेतून बोट किंवा बस आहे. क्रेम्सहून व्हिएन्नाला परत रेल्वे.

तिथून रात्रीच्या गाडीने झ्युरिक. झोपही होते आणि एका हॉटेलचं भाडंही वाचतं. पण बर्थ आधी आरक्षित करावा लागतो आणि उन्हाळ्यात तो लवकर संपतो.

दुसरा मुक्काम स्वित्झर्लंडमधलं लाउटरब्रुनेन, सहा रात्री. सहलीचा कस इथे लागणार. तिसरा मुक्काम इटलीत कोमो सरोवराकाठचं वारेना, चार रात्री. बोटीने समोरच्या बेलाजिओला जायचं, काठाने रमतगमत चालायचं आणि पाय मोकळे करायचे. वारेनाहून मिलान रेल्वेने सुमारे तासाभरावर. विमानाचं तिकीट ‘मल्टी सिटी’ घ्या: जाताना व्हिएन्ना, येताना मिलानहून. गोल फिरून पहिल्या शहरात परत जाण्यात एक दिवस आणि गाडीभाडं, दोन्ही वाया जातं.

इतक्या कमी रेल्वे प्रवासांसाठी युरेल पास बहुधा परवडत नाही, सुटी तिकिटं आधी काढलेली स्वस्त पडतात. स्वित्झर्लंडसाठी मात्र पर्यटकांचं हाफ फेअर कार्ड बघा. महिनाभर चालतं आणि बहुतेक रेल्वे, बोटी आणि डोंगरावरच्या केबल कारवर निम्मं भाडं लागतं.

व्हिसा रात्री मोजून

शेंगेन व्हिसा एकच, पण अर्ज कुठल्या देशाकडे करायचा हे आपल्या मर्जीवर नसतं. जिथे मुक्काम सर्वांत जास्त, त्या देशाकडे. मुक्काम समान असतील, तर जिथे प्रथम प्रवेश, तिथे. आमच्या यादीत ऑस्ट्रिया चार, स्वित्झर्लंड सहा, इटली चार, म्हणून अर्ज स्वित्झर्लंडकडे. सोपी अपॉइंटमेंट मिळतेय म्हणून भलत्याच देशाकडे अर्ज करू नका.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि किमान १५ दिवस आधी तरी करावाच लागतो. जूनला जायचं तर फेब्रुवारी-मार्चमध्येच तारीख घ्या, कारण मे महिन्याच्या सुट्टीसाठी चेन्नईत तेव्हापासून गर्दी सुरू होते. प्रौढांसाठी शुल्क ९० युरो, वर केंद्राचा सेवा आकार. व्हिसा नाकारला तरी ते परत मिळत नाही. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा हवा. मात्र पॉलिसीतली बारीक अक्षरं वाचा. काही पॉलिसींमध्ये डोंगरातली चढाई किंवा ठरावीक उंचीवरचा ट्रेक वगळलेला असतो, आणि हेलिकॉप्टरने खाली आणायची वेळ आली तर बिल तुमच्या नावावर. आम्ही लेखी विचारून घेतलं.

जाता जाता लंडन उरकू, असं मनात आलं तर आधी हे लक्षात घ्या: शेंगेनमध्ये २९ देश आहेत, त्यात ब्रिटन नाही. तिथला व्हिसा वेगळा.

आणखी एक. १२ ऑक्टोबर २०२५पासून शेंगेनच्या सीमेवर बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घेणारी नवी नोंदणी सुरू झाली आहे. रांगा लांबतात. वाटेत फ्रँकफर्टसारख्या विमानतळावर विमान बदलायचं असेल, तर दोन विमानांमध्ये तीन तास तरी ठेवा.

श्रीपेरुंबुदूरला चढ कुठून आणायचा?

इथे ज्यांनी बंगळुरू हायवे पाहिला आहे, त्यांना माझी अडचण कळेल. रामानुजाचार्यांचं हे जन्मगाव आज कारखाने आणि कंटेनर ट्रेलरचं गाव आहे. आणि सगळं सपाट. इथे चढ म्हणजे फ्लायओव्हर.

शेवटी शेजारच्या तमिळ मावशींनी मार्ग दाखवला: तिरुकळुकुंड्रम. चेंगलपट्टूच्या पुढे टेकडीवरचं वेदगिरीश्वराचं देऊळ, साडेपाचशेहून जास्त पायऱ्या. दर रविवारी पहाटे निघायचं, ऊन तापायच्या आत चढून उतरायचं. चपला-बूट खालीच ठेवावे लागतात, त्यामुळे बुटांची परीक्षा मात्र इथे होत नाही. ती रोज सकाळी घराजवळच्या तळ्याच्या बाजूने पाच किलोमीटर चालून. नवे बूट थेट विमानतळावर घालू नका, फोड येणारच.

सायकलसाठी ट्रेलरच्या रस्त्यावर जायची हिंमत नव्हती. महिन्यातून एकदा ईस्ट कोस्ट रोडवर महाबलीपुरमच्या दिशेने, सूर्योदयाच्या आधी. तिकडे वाहनं उजव्या बाजूने चालतात, म्हणून सायकलही उजव्या कडेने. हे आतापासून डोक्यात घोळवा.

गुडघ्याने शीट बदलली

तिसऱ्या रविवारी उतरताना नवरा मध्येच थांबला. “काही नाही, लेस…” म्हणाला. पायात बूटच नव्हते! रात्री बघते तर साहेब चोरून गुडघ्याला स्प्रे मारत होते.

मला वाटलं होतं, मागे राहीन ती मीच. चढताना दम लागतो, तो दिसतो. उतरताना गुडघ्यावर भार येतो, तो दिसत नाही. फिजिओथेरपिस्टकडे गेलो. मांडीचे स्नायू कमजोर आहेत, व्यायामाने सुधारेल, पण लांब उतार टाळा, असं त्यांनी सांगितलं. घरी आल्यावर नवरा म्हणाला, “पुढच्या वर्षी जाऊ या का?”

मी काहीच बोलले नाही. फोनमध्ये दिवाळीचा फोटो होता, दीर खुर्चीत टेकलेले. तो त्याच्यासमोर धरला.

मग दोघं मिळून पुन्हा बसलो. आम्ही आयगर ट्रेल धरली होती. आयगरग्लेचर स्टेशनपासून आल्पिग्लेनपर्यंत सुमारे सहा किलोमीटर, आणि उतार सुमारे ७०० मीटरचा. आपल्या देवळाची पायरी सहा-सात इंच धरली, तर साडेपाचशे पायऱ्या म्हणजे सुमारे ९० मीटर. म्हणजे ते देऊळ एका दमात सात-आठ वेळा उतरायचं! ती ट्रेल कापली. त्याऐवजी मेनलिशेन ते क्लायने शायडेग. साडेचार किलोमीटर, दीड तास, हलकासा उतार आणि समोर सतत आयगर, म्योंख, युंगफ्राउ. वर जायला केबल कार, परतायला रेल्वे.

तुमची आखणी करताना तिथल्या वाटांच्या खुणा ओळखून ठेवा. नुसती पिवळी पाटी म्हणजे साधी पायवाट. पांढरा-लाल-पांढरा पट्टा म्हणजे डोंगरवाट, तिथे चांगले बूट आणि सावध पाऊल हवं. पांढरा-निळा-पांढरा दिसला तर आपण मागे फिरायचं. पाटीवर किलोमीटर नाही, वेळ लिहिलेली असते आणि त्यात विश्रांती धरलेली नसते. आपण त्यात निम्मा वेळ आणखी मिळवायचा. जूनच्या पूर्वार्धात २,००० मीटरच्या वरच्या वाटांवर बर्फ असू शकतो, म्हणून आदल्या दिवशी वाट उघडी आहे ना हे विचारा. संकटात फोन ११२.

बॅग आणि डबा

बॅग एवढीच घ्या, जी स्वतः उचलून रेल्वेच्या तीन पायऱ्या चढू शकाल. तिसऱ्या मजल्यावर जिन्याने नेऊन बघा, दोन किलो सामान आपोआप कमी होतं. औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातल्या बॅगेत.

खाऊबद्दल एक सूचना. युरोपियन संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. म्हणजे साजूक तूप, पेढे, खव्याच्या पोळ्या घरीच ठेवा. आंबे आणि कढीपत्ताही चालत नाहीत. मेतकूट, भाजणी आणि इथली मिळगाय पोडी सुखाने जाईल. आम्ही लाउटरब्रुनेन आणि वारेनाला स्वयंपाकघर असलेल्या खोल्या घेतल्या आहेत. एक वेळचा वरणभात खर्चही वाचवतो आणि पोटही.

उन्हाचं मात्र गृहीत धरू नका. “आम्ही चेन्नईचे, आम्हाला काय!” असं मीही म्हणत होते. पण पॅरिसमध्ये २५ जुलै २०१९ला ४२.६ अंश तापमान होतं, आणि तिथल्या कितीतरी खोल्यांत एसी सोडा, पंखाही नसतो. खोली घेताना पंखा आहे का, हे विचाराच.

वेंगेनला दोन वाटा

शेवटचं आणि माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं. मुक्काम कमी केल्यावर एक गोष्ट लक्षात आली. लाउटरब्रुनेनहून निघालेली रेल्वे वेंगेनला थांबते. तिथे उतरून आम्ही केबल कारने मेनलिशेनला जाणार आणि चालत क्लायने शायडेग गाठणार. आणि जो चालू शकत नाही, त्याने गाडीत नुसतं बसून राहायचं. तीच गाडी त्याला २,०६१ मीटर उंचीवर क्लायने शायडेगलाच नेऊन सोडते.

मी जाऊबाईंना फोन लावला. “तुम्ही दोघं गाडीने या, आम्ही चालत येतो. वर चहा एकत्र.” पलीकडे बराच वेळ शांतता. मग दिरांचा आवाज आला, “पासपोर्ट काढलेला आहे गं माझा. बघतो मुदत कधीपर्यंत आहे.”

मुदत पुरेशी आहे. परतीनंतर तीन महिने तरी असावी लागते, तेवढी आहे. चौघांची तिकिटं झाली. व्हिएन्नात ट्राम, वाखाउत ते दोघं बोटीने आणि आम्ही सायकलने.

या रविवारी तुमच्या गावातली टेकडी शोधा. पर्वती असो, कात्रज असो, नाहीतर इमारतीचा जिना. एकदा चढा, एकदा उतरा आणि उतरताना गुडघा काय म्हणतो ते ऐका. मगच नकाशा उघडा.