साठीनंतर फक्त तसबीहच का?

आमच्या पनवेलमध्ये साठी उलटलेलं जोडपं दोर घेऊन कर्नाळ्याच्या सुळक्याकडे निघालं, तर ऐकू येईल, ‘चाचा, आता अल्लाह अल्लाह करा!’ हेच जोडपं हजला निघालं की आपण हार घालतो. सफा-मरवाच्या सात फेऱ्याच सुमारे तीन किलोमीटर होतात. तेव्हा चाचीचे गुडघे कुणाला आठवतात?

स्वित्झर्लंडचे मार्सेल रेमी २०१७ मध्ये, ९४व्या वर्षी, मिरुआर द अर्जांतीनचा कडा चढले. ‘त्यांच्याकडे पैसा आहे’, हे मला मान्य. पण कर्नाळ्याला शेंगेन व्हिसा लागत नाही.

कुरआन जमिनीवर फिरून सृष्टी पाहायला सांगतो, वयाची अट घालत नाही. ती अट आपण घातली, चाचीवर दुप्पट. डॉक्टरांनी थांबवलं तर थांबावं. ‘लोक काय म्हणतील’ म्हणून थांबायला मी दीन म्हणणार नाही.