त्रास नाही म्हणून गोळी सोडू नये

बिदरजवळील नौबादचे करेज आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. बहामनी काळात जमिनीच्या पोटातून खोदलेला हा पाण्याचा मार्ग वरून दिसत नाही. मात्र ठिकठिकाणी ठेवलेल्या उभ्या झरोक्यांतून डोकावले, की आत पाणी वाहते आहे की गाळ साचला आहे हे कळते. सगळी जमीन उकरावी लागत नाही. माणसाच्या शरीरालाही असा एक झरोका आहे. तो म्हणजे नखाच्या मुळाशी असलेली कातडी.

रक्त हृदयातून निघून परत हृदयाकडे येते, हे विल्यम हार्वे यांनी १६२८ मध्ये दाखवून दिले. पण ते धमन्यांतून शिरांत कसे जाते, हे त्यांना दिसले नव्हते. १६६१ मध्ये मार्सेल्लो माल्पिगी यांनी बेडकाच्या फुप्फुसात त्या जोडनळ्या सूक्ष्मदर्शकातून पाहिल्या. त्यांनाच आपण केशवाहिन्या म्हणतो. नाव केसाचे असले, तरी त्या केसाहून कितीतरी बारीक असतात. बांधावरून शेळ्या जाव्यात तशा तांबड्या पेशी त्यांतून एकामागून एक जातात.

नखाच्या मुळाशी या नळ्या आडव्या पसरलेल्या असतात. तेथे तेलाचा थेंब सोडून सूक्ष्मदर्शकातून पाहिले, की त्या केसाच्या पिनांसारख्या रांगेने दिसतात. सुई नाही, कापाकापी नाही. अलीकडे लेसरचाही उपयोग होऊ लागला आहे. प्रकाशाचा क्षणिक झोत शोषून रक्त किंचित तापते, त्यातून कानाला ऐकू न येणारा ध्वनी निघतो आणि तो टिपून यंत्र कातडीतील वाहिन्यांचे चित्र काढते.

अशा पाहणीतून काय आढळले? वय वाढते तशी कातडी पातळ होते आणि तिच्यातील या नळ्या विरळ होत जातात. रक्तदाब असलेल्यांतही त्या कमी दिसतात. ठिबकची तोंडे बुजली की पंपावर ताण येतो, आणि दाब फाजील वाढला की नळ्या खराब होतात. येथेही दोन्ही गोष्टी एकमेकींना वाढवतात. असाच बिघाड डोळ्यांच्या पडद्यात, मूत्रपिंडात व मेंदूतही होतो, आणि तो होत असताना माणसाला बहुधा काहीच जाणवत नाही.

म्हणूनच “मला काही होत नाही, मग गोळी कशाला?” हे आपल्या गावांतील नेहमीचे बोलणे आम्हांस घातक वाटते. शेतात दिवसभर राबता येते, याचा अर्थ दाब ठीक आहे असा होत नाही.

कोणी म्हणेल, मग ते यंत्र आपल्याकडे येईपर्यंत थांबू. तसे मुळीच करू नये. कातडीचा काळा रंगही प्रकाश शोषतो. करोनाच्या साथीत घरोघरी आलेले, बोटाला लावायचे ऑक्सिमीटर आठवा. सावळ्या कातडीवर ते कधीकधी खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२१ मध्ये तसा इशाराही दिला. प्रकाशावर चालणारे प्रत्येक नवे यंत्र उन्हात रापलेल्या, कष्टकरी हातांवर आधी तपासले गेले पाहिजे, अशी मागणी आपण करावी. ती आपला हक्क आहे.

तोपर्यंत दंडाला बांधायचा साधा पट्टा पुरेसा आहे. मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा व तंबाखू नको. पाच मिनिटे शांत बसावे, पाठ टेकलेली व हात हृदयाच्या पातळीवर असावा. वेगवेगळ्या दिवशी १४०/९० किंवा त्याहून अधिक आकडा आला, तर डॉक्टरांना दाखवावे. मीठ दिवसाकाठी ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे चहाच्या सपाट चमच्यापेक्षा, कमी असावे; लोणचे, पापड व ठेच्यातील मीठही त्यातच धरावे. तंबाखूने या बारीक नळ्या आवळतात, म्हणून ती सोडलेलीच बरी.

तुरीच्या राशीच्या दिवसांत गोळ्या संपल्या, तर कोणी एकाने प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन त्या आणाव्यात. गोळी बंद करायची की बदलायची, हे डॉक्टरांनी ठरवावे. बरे वाटते म्हणून आपण ठरवू नये.