असमतोल कोण करतं?

मराठीत ‘तोल’ या शब्दाला मिळालेली क्रियापदं मोठी सोशिक आहेत. तोल जातो, सुटतो, ढळतो. केळीच्या सालीवर पाय पडला की जातो, व्याह्यांनी मानपानाचा विषय काढला की सुटतो आणि रात्री उशिरा भिंतीच्या आधारानं घरी येणाऱ्यांचा आधीच ढळलेला असतो. पण या सगळ्यांत एक बरं असतं. तोल कुणाचा गेला ते दिसतं, आणि साल कुणी टाकलं त्याचाही शोध घेता येतो.

‘असमतोल’ हा मात्र याच घराण्यातला शिकून सरकारी नोकरीला लागलेला मुलगा. इस्त्रीचे कपडे घालतो, समित्यांत बसतो आणि कुणाचं म्हणून नाव घेत नाही. ‘विकासाचा प्रादेशिक असमतोल’ म्हटलं की वाटतं, पाऊस पडतो तसा हाही वरूनच पडला असावा.

1983 साली वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली या असमतोलाचं मोजमाप करायला समिती बसली. 1984 च्या अहवालात तो सुमारे 3,187 कोटींचा भरला. त्याचं बारशातलं नाव ‘अनुशेष’. त्यात विदर्भाचे 1,246 कोटी, मराठवाड्याचे 751 आणि 1,189 कोटी ‘उर्वरित महाराष्ट्रा’चे.

उर्वरित! आमच्याकडे पंगत उठल्यावर पातेल्यात जे राहतं त्याला उर्वरित म्हणतात. घटनेच्या 371 व्या कलमात विदर्भ, मराठवाडा आणि ‘बाकीचा महाराष्ट्र’ अशी वाटणी आहे. 1994 मध्ये विकास मंडळं झाली तीही त्याच हिशेबानं, तीनच. म्हणजे जळगाव, धुळे एका पारड्यात आणि त्याच पारड्यात मुंबई, पुणे, कोल्हापूर. मलबार हिल आणि अक्कलकुवा यांची सरासरी काढली तर अक्कलकुव्याचा माणूस सुखवस्तू निघतो, हे गणित चौथीतलं पोरगंही करील. दांडेकरांचा यात दोष नाही. त्यांनी जिल्हा-जिल्हा वेगळा मोजला होता. पण लोकांच्या डोक्यात उर्वरित म्हणजे साखर कारखाने नि द्राक्षबागा! त्या 1,189 कोटींत आमच्यासारख्यांचंही काही आहे, हे ऐकायला वेळ कुणाला? विदर्भ-मराठवाड्याचं दुखणं खोटं नाही, बरं का. पण त्यांच्या दुखण्याला निदान नाव आहे. आमचं ‘इतर’ या रकान्यात.

म्हणून मी म्हणतो, हा शब्दच काढून टाका. जळगावच्या सराफ बाजारात वाऱ्यानं हलू नये म्हणून काटा काचेच्या पेटीत ठेवतात. कापूस विकणारा शेतकरी वजनापेक्षा ‘कटती’ किती धरली ते आधी विचारतो. या माणसांकडे असमतोल नावाची चीजच नाही. त्यांच्याकडे ‘काटा मारणे’ आहे. या शब्दाला कर्ता लागतो. कुणी मारला, हे विचारल्याशिवाय वाक्य पुरं होत नाही.

आमचे पुण्याचे साडू हे ऐकून हसतात. “अहो, तुमच्याकडे सोनं, तुमच्याकडे केळी, तुम्हाला काय कमी?” मी म्हटलं, सोनं, केळी जळगावचं. धुळ्याचं बोला. चाळीसगावहून 1900 साली फाटा आला, तो धुळ्यात येऊन थांबला. पुढे शंभरावर वर्षं रूळच नव्हते. मनमाड-इंदूर मार्गाच्या मागणीत दोन पिढ्यांचे केस पिकले, आणि केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली सप्टेंबर 2024 मध्ये.

“तोच तर प्रादेशिक असमतोल,” साडू समजुतीच्या सुरात म्हणाले.

“साडूभाऊ, मंडईत भाजीवाल्यानं किलोला नऊशे ग्रॅम दिले, तर तुम्ही काय म्हणता? वजनाचा असमतोल?”

“छे! तिथल्या तिथं हात धरतो त्याचा.”

एवढं बोलून ते गप्प झाले, आणि समोरच्या फण्यातलं आणखी एक केळं त्यांनी सोललं.